‘अ ख्रिसमस कॅरोल’ घ्यायचं तर पूर्ण घ्या, चित्रांसकट

नाताळ जवळ आला की पुस्तकांच्या दुकानात चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ पुढच्या टेबलावर दिसायला लागतं आणि त्याच्या इतक्या आवृत्त्या असतात की नेमकी कुठली उचलायची ते कळत नाही. मुलांसाठीची पातळ, मोठ्यांसाठीची, नोट्स असलेली, कॉमिकवाली, सगळं. यावेळी मी घेतली ती पूर्ण मजकुराची, जॉन लीचची मूळ चित्रं आत असलेली पेपरबॅक. आईला आणि भाच्याला रोज संध्याकाळी वाचून दाखवली आणि आता ठामपणे सांगते, घ्यायची तर हीच घ्या. संक्षिप्त आवृत्ती अजिबात घेऊ नका, फुकट मिळाली तरी नको.

संक्षिप्त म्हणजे काय ते आधी सांगते. भाच्याकडे शाळेतून घ्यायला लावलेलं एक होतं, प्रकाशकाचं नाव घेत नाही, पातळसं, शेवटी प्रश्नोत्तरं. त्यात गोष्ट अशी की स्क्रूज नावाचा एक चिकट म्हातारा असतो, त्याच्याकडे भुतं येतात, तो घाबरतो, चांगला होतो, टर्की पाठवतो, संपलं. भाचा म्हणाला, मावशी हे तर भीती घालून चांगलं वागायला लावणं झालं, ह्यात एवढं ग्रेट काय. त्या पुस्तकावरून त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबरच होतं, कारण त्यातून पगार काढून टाकलाय, कर्जदार काढून टाकलेत, भंगारवाल्याचं दुकान काढून टाकलंय, झग्याखालची ती दोन मुलं काढून टाकलीत. म्हणजे पैशाचा संबंध जिथे जिथे येतो तिथे तिथे कात्री, आणि उरलं काय तर साखळ्यांचा आवाज.

मी गोव्यात, म्हापशात एका दुकानाचे हिशेब बघते, वर्षानुवर्षं हेच काम, त्यामुळे असेल कदाचित, पण मला ही गोष्ट आधी हिशेबाची वाटते आणि मग भुताची. मूळ पुस्तक नीट वाचलं तर पानोपानी आकडे आहेत. बॉब क्रॅचिट, स्क्रूजचा कारकून, त्याचा पगार आठवड्याला १५ शिलिंग. स्क्रूज कोळशाची पेटी स्वतःच्या खोलीत ठेवतो, त्यामुळे बॉबच्या शेगडीत एकच निखारा आहे असं वाटावं एवढाच विस्तव, आणि तो बिचारा पांढरा मफलर गुंडाळून मेणबत्तीवर हात शेकायला बघतो. २५ डिसेंबरची सुट्टी द्यायची तर स्क्रूज म्हणतो की काम न करता दिवसाचा पगार घेणं म्हणजे दरवर्षी माझा खिसा कापणं, आणि दुसऱ्या दिवशी लवकर ये हे वर सांगतो. दुकानात, ऑफिसात नोकरी केलेल्या कुणालाही हे संवाद ओळखीचे वाटतील. नाताळच्या दिवशी नाही, पण चतुर्थीला, शिगम्याला सुट्टी मागताना मालकाच्या तोंडावर हेच भाव असतात.

आता एक गंमत बघा. हे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ ला लंडनमध्ये आलं (त्याच वर्षी इकडे पणजीला अधिकृतपणे राजधानीचा दर्जा मिळाला, एवढं जुनं आहे हे) आणि त्याची किंमत होती ५ शिलिंग. म्हणजे बॉब क्रॅचिटला स्वतःचीच गोष्ट विकत घ्यायची असती तर आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा गेला असता! डिकन्सने खरंतर किंमत कमी ठेवायचा प्रयत्न केला होता, पण लाल कापडी बांधणी, सोनेरी कडा, हाताने रंगवलेली चित्रं, हे सगळं त्याने हट्टाने करून घेतलं आणि छपाईचा खर्च स्वतः उचलला. पहिल्या ६००० प्रती नाताळच्या आधी खपल्या तरी त्याच्या हातात अपेक्षेपेक्षा फारच कमी पैसे आले. त्यात पुढच्याच महिन्यात कुणीतरी चोरून आवृत्ती काढली, हा कोर्टात गेला, केस जिंकला, आणि ते चोर दिवाळखोर निघाले म्हणून कोर्टाचा खर्च ह्याच्याच बोकांडी बसला. कंजूषपणावर पुस्तक लिहिणाऱ्याला त्याच पुस्तकाने असं धुतलं, वाईट वाटतं वाचून.

आणि लिहिलं का ते कळलं की पुस्तक वेगळंच दिसतं. डिकन्स बारा वर्षांचा असताना त्याचे वडील कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात गेले, १८२४ साली, आणि पोराला बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायच्या कामाला लावलं. नंतर १८४३ मध्ये खाणींत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांवरचा सरकारी अहवाल त्याने वाचला, गरीब मुलांची एक शाळा जाऊन बघितली आणि हादरला. आधी एक पत्रक काढायचं त्याच्या डोक्यात होतं, मग पत्रकाऐवजी ही गोष्ट लिहिली, साधारण सहा आठवड्यांत. त्यामुळे स्क्रूजकडे वर्गणी मागायला आलेल्या गृहस्थांना तो जे विचारतो, की तुरुंग नाहीत का, वर्कहाऊस (गरिबांना कामाला लावून ठेवायची घरं) बंद पडली का, ते उगाच खलनायकाचं वाक्य नाही, १८३४ च्या कायद्यानंतर गरिबांना खरंच त्या वर्कहाऊसमध्ये पाठवत होते आणि नवरा-बायको-मुलं वेगवेगळी ठेवत होते. लोक तिथे जाण्यापेक्षा मेलेले बरे म्हणतात असं ते गृहस्थ सांगतात तर हा म्हणतो, मग मरू देत, जास्तीची लोकसंख्या कमी होईल. दुसरं भूत नंतर त्याचे हेच शब्द त्याच्याच तोंडावर फेकतं, स्क्रूज बॉबच्या आजारी मुलाबद्दल, छोट्या टिमबद्दल, विचारतो तेव्हा. आई ह्या जागी म्हणाली, बरं केलं.

भुतांबद्दल थोडं. आमच्या इकडे देवचार म्हणजे वाईट काही नव्हे, गावचा राखणदार, रात्री फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो असं जुनी माणसं सांगतात, त्याला रोट देतात. आईला त्यामुळे मार्ली लगेच पटला. जेकब मार्ली हा स्क्रूजचा भागीदार, सात वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या दिवशीच मेलेला. तो येतो तो सूड घ्यायला किंवा झपाटायला नाही, तुझी वाट चुकलीये हे सांगायला येतो. त्याच्या अंगावरची साखळी कशाची आहे बघा, गल्ल्याच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या, दस्तऐवज, पैशांच्या जड थैल्या, सगळं पोलादाचं, आणि ती आपणच जिवंतपणी कडी कडी जोडून बनवली असं तो सांगतो. माझ्या टेबलावर ह्यातल्या निम्म्या वस्तू रोज असतात, वाचताना आवाज जरा खाली गेला माझा.

पण मार्ली तर सगळ्या आवृत्त्यांत असतो. जे नसतं ते त्याच्या लगेच पुढचं. मार्ली खिडकीतून बाहेर जातो आणि स्क्रूज बघतो तर बाहेरची हवा अशाच साखळदंडातल्या भुतांनी भरलेली. त्यात एक पांढऱ्या वेस्टकोटातला म्हातारा, स्क्रूजच्या ओळखीचा, त्याच्या पायाच्या घोट्याला एक भलीमोठी लोखंडी तिजोरी बांधलेली आहे, आणि तो ओरडून रडतोय. का, तर खाली एका दाराच्या पायरीवर एक बाई तान्हं मूल घेऊन बसलीये आणि ह्याला आता तिला मदत करता येत नाही. करायची इच्छा आता आहे, पण करायची ताकद गेली, हीच त्या सगळ्यांची शिक्षा. लीचने हे चित्र काढलंय, आणि आमच्या भाच्याने ते पान कितीतरी वेळ उलटू दिलं नाही. ह्या एका परिच्छेदासाठी सुद्धा पूर्ण पुस्तकाचे पैसे वसूल आहेत असं मी म्हणेन.

पुढे तीन भुतं. गेलेल्या नाताळचं, चालू नाताळचं आणि येणाऱ्या नाताळचं. पहिल्यात शाळेत सुट्टीला एकटाच राहिलेला छोटा स्क्रूज, त्याला घरी न्यायला आलेली धाकटी बहीण फॅन, हे छान आहे, पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेझिविगची पार्टी. फेझिविग हा तरुण स्क्रूजचा मालक. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दुकान बंद करून सगळ्यांना नाचायला, खायला बोलावतो, अगदी स्वयंपाकीण, दूधवाला, समोरच्या घरचा उपाशी वाटणारा पोऱ्या सुद्धा. भूत मुद्दाम टोचून म्हणतं, तीन-चार पौंड तर खर्च केले असतील त्याने, एवढं काय कौतुक? आणि स्क्रूज चिडून सांगतो की मालकाच्या हातात आपलं काम हलकं करणं किंवा जड करणं असतं, शब्दांत, नजरेत, अशा बारीक गोष्टींत की त्यांची बेरीजच करता येत नाही. हे तो बोलतो आणि गप्प होतो, कारण त्याला आपला कारकून आठवतो. कुणी उपदेश केला नाही, ह्याच्या तोंडूनच हे काढून घेतलं. ज्याच्या हाताखाली दोन माणसं जरी काम करत असतील त्याने हे पान वाचावं, दोनदा वाचावं.

दुसऱ्या भुताचा भाग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चविष्ट. बाजाराचं वर्णन, कांदे, नाशपाती, भाजलेल्या चेस्टनटच्या टोपल्या, किराणा दुकानातली मसाल्यांची गर्दी, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार फिरलेल्या माणसाला हे वाचताना कंटाळा येऊच शकत नाही. त्यातच एक बारीक गोष्ट आहे. घरात ओव्हन नसलेले गरीब लोक आपापलं जेवण झाकून बेकरीत भाजायला घेऊन चाललेत आणि ते भूत आपल्या मशालीतून त्या भांड्यांवर सुगंध शिंपडतंय. सगळ्यात आधी गरिबाच्या ताटावर, कारण त्याला जास्त गरज, असं स्वतःच सांगतं. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीच्या वासावर वाढलेल्या आपल्या लोकांना हे चित्र लगेच डोळ्यासमोर येतं. क्रॅचिटांच्या घरचं जेवण तर विचारूच नका, भाजलेला हंस (गूज) छोटाच पण सगळे मिळून कौतुक एवढं करतात की तो पुरतो, आणि पुडिंग फडक्यात बांधून कपडे उकळायच्या हंड्यात शिजवलेलं, त्या फडक्यामुळे आधी धुण्याच्या दिवसासारखा वास येतो. पुडिंग कुटुंबाला लहान आहे असं कुणी म्हणत नाही, तसं म्हणायची लाज वाटली असती त्यांना. आमच्या शेजारच्या आंटी दरवर्षी दोदोल आणि नेवऱ्यांचं ताट पाठवतात, त्यांनाही मी हा भाग वाचून दाखवला आणि त्या जेवणाच्या टेबलावरचा एकेक माणूस त्यांना आपल्या घरातला वाटला.

ह्याच भागाच्या शेवटी ती दोन मुलं आहेत, भुताच्या झग्याखाली पायाला बिलगलेली, अज्ञान आणि दारिद्र्य अशी त्यांची नावं, पिवळी, वाळलेली, फाटकी. भूत सांगतं की दोघांपासून सावध राहा पण मुलापासून, म्हणजे अज्ञानापासून, जास्त. स्क्रूज कळवळून विचारतो ह्यांना कुठे आसरा नाही का, आणि परत तेच उत्तर येतं, तुरुंग नाहीत का, वर्कहाऊस नाहीत का. हे कापून जी आवृत्ती मुलांच्या हातात देतात त्यांना काय म्हणायचं मला कळत नाही, मुलांवरच तर आहे हे पान!

तिसरं भूत बोलत नाही, फक्त बोट दाखवतं. ह्या भागात मला सगळ्यात धक्का बसला तो थडग्याने नाही, भंगारवाल्याने. स्क्रूज मेलाय, अजून त्याला कळलं नाहीये की मेलेला आपणच, आणि त्याच्या घरची कामवाली, धोबीण आणि तिसरा एक माणूस त्याच्या वस्तू विकायला आलेत. एकीने पलंगाचे पडदे आणलेत, तो त्याच पलंगावर पडलेला असताना कड्यांसकट काढलेले, ब्लँकेटं आणलीत, अंगावर घालून पुरणार होते तो चांगला शर्ट सुद्धा काढून आणलाय. आणि तो भंगारवाला जो म्हातारा, तो एकेकाच्या वस्तूची किंमत खडूने भिंतीवर लिहितो आणि बेरीज करतो. आयुष्यभर पक्क्या वह्यांत हिशेब ठेवलेल्या माणसाचा शेवटचा हिशेब एका घाणेरड्या दुकानाच्या भिंतीवर खडूने. डिकन्सने ह्यावर एक शब्द जास्त बोललेला नाही, नुसतं दाखवलंय.

मग सकाळ होते, आणि तो जिवंत आहे. टर्की, पोराला बक्षीस, भाचा फ्रेडकडे जेवायला जाणं, सगळं माहितीच आहे. फ्रेड दरवर्षी मामाला बोलवत होता आणि मामा दरवर्षी हाकलत होता, आता दारात जाऊन आत येऊ का विचारतो तेव्हा माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मी नोंद केली ती वेगळीच. रस्त्यात त्याला कालचे वर्गणीवाले गृहस्थ भेटतात, तो त्यांच्या कानात रक्कम सांगतो, त्यांचा श्वासच अडकतो, आणि स्क्रूज म्हणतो की ह्यात मागची पुष्कळ बाकी धरलेली आहे. म्हणजे तो दान करतोय असं त्याला स्वतःला वाटतच नाहीये, थकलेलं देणं फेडतोय असं वाटतंय. इथे मला स्क्रूज खरा बदलला हे पटलं, नाचण्या-हसण्यापेक्षा ह्या वाक्याने. आणि दुसऱ्या दिवशी बॉब साडेअठरा मिनिटं उशिरा येतो (हो, साडेअठरा, मोजून बसलेला असतो म्हातारा) तेव्हा सगळ्यात आधी काय, तर पगारवाढ, आणि मग कोळशाची नवी बादली आण, पुढचं अक्षर लिहायच्या आधी. गोड बोलून पाठीवर थाप मारली आणि मिठाईचा डबा दिला असं नाही, पगार वाढवला. आमच्याकडे नाताळला, दिवाळीला डबे देणारे मालक खूप बघितलेत, चांगलंच आहे ते, पण महिन्याच्या पगारात वाढ करणारे किती?

आता जिथे पुस्तक कमी पडतं ते पण सांगायला हवं. तिसऱ्या भुतासोबत एक नवरा-बायको दिसतात, स्क्रूजचे कर्जदार, आठवड्याची मुदत मागायला गेलेले. तो मेला हे कळल्यावर बाईला आधी सुटल्यासारखं वाटतं आणि मग तसं वाटलं म्हणून वाईट वाटतं. फार प्रामाणिक पान आहे ते. पण स्क्रूज सुधारल्यावर ह्या दोघांचं काय झालं ते डिकन्स सांगतच नाही! आईने पुस्तक संपल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला, त्या कर्जाचं काय केलं मग त्याने? माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण पुस्तकातच नाही. ज्यांच्या घरात भाटकाराच्या (जमीनदाराच्या) अंगणात उभं राहून मुदत मागितल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांना हा प्रश्न पडणारच, इथे १९७५ चा मुंडकार कायदा (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठीचा) यावा लागला तेव्हा राहत्या घरातून काढून टाकण्यापासून संरक्षण मिळालं, एखाद्या भाटकाराच्या स्वप्नात कुणी आलं म्हणून नाही मिळालं. पगार वाढला, वर्गणी दिली, टर्की पाठवली, पण ज्यांच्या मानेवर ह्याचं व्याज बसलं होतं ते तसेच राहिले का? एक ओळ तरी हवी होती. छोटा टिमही जरा जास्तच गोड झालाय, त्याच्या भावंडांत जेवढा जीव आहे, विशेषतः दारामागे लपणाऱ्या मार्थात, तेवढा त्याच्यात नाही.

आवृत्तीबद्दल. अक्षर मध्यम आहे, आईला चष्मा लावूनही नीट दिसलं नाही, पण वाचून दाखवायचं असेल तर प्रश्न नाही. लीचची आठही चित्रं आहेत, चार रंगीत आणि चार लाकडी ठशांची काळी-पांढरी. रंगीत चित्रांचा कागद वेगळा नाही, त्यामुळे फेझिविगच्या नाचाचं चित्र थोडं फिकट आलंय, मार्लीचं मात्र मस्त. तळटीपा पुरेशा आहेत, जुनी नाणी, वर्कहाऊस वगैरे समजावून दिलंय, तिथे प्रकाशकाने मेहनत घेतलीये. बांधणी जरा घट्ट, मधे उघडं ठेवलं की मिटतं. किमतीला मात्र नावं ठेवायला जागा नाही.

इंग्रजी सोपं नाही हे आधीच सांगते, वाक्यं लांब लांब, नववी-दहावीच्या मुलाला एकट्याने वाच म्हटलं तर तो दहाव्या पानावर सोडून देईल. म्हणून मोठ्याने वाचा. डिकन्स स्वतः १८५३ पासून हे लोकांसमोर वाचून दाखवायचा, थेट १८७० च्या त्याच्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत, त्यामुळे वाक्यं तोंडात छान बसतात. पाच भाग आहेत, श्रावणात पोथीचा रोज एक अध्याय वाचतो तसं रोज एक घ्या. मी इंग्रजीत वाचत होते आणि जिथे अडेल तिथे मराठीत सांगत होते, आईला काहीच अडचण आली नाही. तिसरा भाग सगळ्यात लांब आहे, त्या दिवशी जेवणं आधी उरकून घ्या, आणि चौथा भाग लहान मुलं असतील तर झोपायच्या तोंडावर नको, दिवसाउजेडी वाचा.

विकत घ्यायचं नसेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या वेबसाइटवर पूर्ण मजकूर मोफत आहे, ४६ नंबरचं पुस्तक, आणि लिब्रिवॉक्सवर ऐकायलाही मिळतं, तेही फुकट. पणजीत पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत आधी चौकशी करायला हरकत नाही. दुकानात घेताना एकच करा, पुस्तक उघडून तिसऱ्या भागाचं, म्हणजे दुसऱ्या भुताच्या भागाचं, शेवटचं पान काढा. झग्याखालची ती दोन मुलं तिथे असतील तर घ्या, नसतील तर परत ठेवा.